पाणी जमिनीचे की माणसांचे?
महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या अध्यक्षांस खुले पत्र

सन्माननीय अध्यक्षमहोदय यांस,



२००५ च्या अधिनियमाने आपल्या प्राधिकरणाकडे सोपविलेली कामे, म्हणजे धरणांतील पाण्याची हक्कदारी ठरविणे, ठोक पाण्याच्या दरांचे निकष घालून देणे आणि एकाच खोऱ्यातील वरच्या व खालच्या लोकांमधील तंट्यांचा निवाडा करणे, ही प्रथमदर्शनी हिशेबनिसाची कामे वाटतात. घनमीटर, रुपये, क्षेत्र आणि हंगाम यांची कोष्टके मांडली, बेरजा जुळल्या आणि सुनावणीत कोणी फारसा आवाज चढविला नाही, की आदेश निघतो आणि दप्तरदाखल होतो. प्रस्तुत पत्राचे प्रयोजन एवढेच, की या कोष्टकांच्या बुडाशी प्रत्येक वेळी कोणते ना कोणते नीतिशास्त्र बसलेले असते, हे आपल्या नजरेस आणावे. दराविरुद्ध रयतेला तक्रार गुदरता येते. दरामागील न्यायकल्पनेविरुद्ध मात्र येत नाही, कारण ती कोणत्याच कागदावर लिहिलेली नसते.

हा प्रकार आपल्या मुलखास नवा नाही. पेशवाई बुडून पुरती पंधरा वर्षे झाली नव्हती, तोच पुणे जिल्ह्यातील कुणब्याच्या शेतावर एका अर्थशास्त्रीय सिद्धान्ताचा प्रयोग झाला. कंपनीच्या हेलीबरी येथील विद्यालयात माल्थसच्या हाताखाली शिकून आलेला प्रिंगल नावाचा तरुण मुलकी अधिकारी जमाबंदीच्या कामावर नेमला गेला आणि त्याने रिकार्डोचा खंडविषयक सिद्धान्त दख्खनच्या मातीला लावला. सिद्धान्त असा, की शेतीच्या एकूण उत्पन्नातून लागवडीचा सर्व खर्च आणि कसणाऱ्याचा मोबदला वजा केल्यावर जे निव्वळ शिल्लक राहते, ते कोणाच्याही श्रमाचे फळ नसते, ती जमिनीच्या कसाची देणगी असते. सरकारने त्यातून कितीही घेतले तरी कोणाचे न्याय्य असे काही हिरावले जात नाही. प्रिंगलने त्या शिलकेचा शेकडा ५५ हिस्सा सरकारसाठी ठरविला. लंडनच्या इंडिया हाऊसमध्ये महसुली पत्रव्यवहारावर त्या काळी जेम्स मिलची, म्हणजे बेंथॅमच्या उपयुक्ततावादाच्या पट्टशिष्याची, छाप होती, आणि पुष्कळांचे पुष्कळ सुख साधण्याचा हा शास्त्रशुद्ध मार्ग तेथे मान्य होता. प्रत्यक्षात घडले ते निराळे. निव्वळ शिल्लक किती हे ज्यांनी मोजायचे त्या हाताखालच्या लोकांनी ती अंदाजाने, वशिल्याने आणि दंडेलीने मोजली. आकारणी अवाच्या सवा झाली, शेते पड पडली आणि रयत परागंदा होऊ लागली. अखेर १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने पाहणी करून, सिद्धान्त बाजूस ठेवून, शेतकऱ्याला पेलेल असा आकार बसविला.

प्रिंगल दुष्ट नव्हता. तो विद्वान, मेहनती आणि निःस्पृह असावा असेच त्याच्या कामावरून दिसते. त्याच्या शास्त्रात फक्त शिलकेला स्थान होते आणि शिल्लक काढून नेल्यावर मागे कोण उरतो याची नोंद ठेवण्यासाठी रकाना नव्हता, हा त्या प्रयोगाचा दोष. पुढे १८७७ च्या दुष्काळात रिचर्ड टेंपल यांनी, दुष्काळी कामावरच्या मजुराला रोजी एक पौंड धान्य आणि वर एक आणा पुरेसा आहे असे तिजोरीच्या हिताचे गणित मांडले, तेव्हा मुंबई इलाख्यातील हजारो मजूर कामे सोडून निघून गेले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेला त्यांची कैफियत सरकारदरबारी मांडावी लागली. रकाना तेव्हाही नव्हता.

इंदापूरचा उल्लेख मी हेतुपुरस्सर केला. त्या दुष्काळानंतर खोदलेला नीरा डावा कालवा ज्या बारामती-इंदापूरच्या जिरायत टापूतून गेला, तो टापू आज उसाचा आहे. आणि हे स्थित्यंतर कालव्याच्या मूळ हेतूत लिहिलेले नव्हते. कालवा दुष्काळनिवारणार्थ होता, ज्वारी-बाजरी वाचविण्यासाठी होता. परंतु बऱ्या पावसाच्या वर्षी शेतकरी पाणी मागेना, पाणीपट्टी येईना, कालव्याचे व्याज सुटेना. तेव्हा बारा महिने पाणी पिणारे आणि बारा महिने पट्टी देणारे पीक सरकारलाच प्रिय वाटू लागले. विसाव्या शतकाच्या आरंभी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी याच नीरेच्या कालव्यावर ब्लॉक पद्धत सुचविली, तिचे मर्म असे होते, की बारमाही उसाला लाभक्षेत्राचा काही अंशच मिळावा, उरलेल्यावर हंगामी पिके घ्यावीत आणि पाण्याचा लाभ अधिक गावांत पसरावा. अभियंत्याच्या भाषेत मांडलेले ते वाटणीचे नीतिशास्त्र होते. त्याला बागाइतदारांचा विरोध झाला, हे सांगावयास नकोच.

आता वर्तमानाकडे येतो. केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगाने गेल्या दशकात आपल्या अहवालातून निदर्शनास आणले आहे, की राज्याच्या एकूण पिकाखालील क्षेत्रापैकी चार टक्क्यांच्या आसपास क्षेत्र व्यापणारा ऊस सिंचनाच्या पाण्याचा अर्ध्याहून बराच अधिक वाटा घेतो. एक किलो साखरेमागे महाराष्ट्रात सुमारे दोन हजार लिटर पाणी लागते, असा हिशेब तज्ज्ञ देतात. तो प्रमाण मानून एक त्रैराशिक मांडू. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले, लातूर शहरात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदीचा हुकूम जारी करावा लागला, आणि १२ एप्रिल रोजी मिरजेहून कृष्णेचे पाणी घेऊन पहिली आगगाडी लातुरात पोहोचली. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली. एका खेपेस २५ लाख लिटर पाणी. साऱ्या देशाने ते दृश्य पाहिले. त्या एका संपूर्ण गाडीतील पाण्यात, वरील हिशेबाने, १,२५० किलो साखर तयार होते. पन्नास किलोंची २५ पोती. लातूर-धाराशिवच्या पट्ट्यात साखर कारखाने किती आहेत आणि ते हंगामात किती पोती भरतात, ते आपल्याला माझ्याहून अधिक ठाऊक आहे.

त्याच उन्हाळ्यात मुंबई उच्च न्यायालयाने महिनाअखेरीनंतरचे आयपीएलचे क्रिकेट सामने राज्याबाहेर हलवावयास लावले. मैदानाची हिरवळ राखण्यासाठी पाणी शिंपडले जाते हे डोळ्यांना दिसते, म्हणून त्याचा राग येणे सोपे. चहाच्या कपातील दोन चमचे साखर, शीतपेयाची बाटली, लग्नातील तिसरे मिष्टान्न, आणि आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत मिसळले जाणारे इथेनॉल, ज्याचा काही भाग उसाच्या रसापासून व मळीपासून होतो, त्यांतील पाणी दिसत नाही. पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर रोज वाढणाऱ्या मोटारी अंशतः भीमा, गोदावरी आणि मांजरा यांच्या पाण्यावर चालतात. उपभोक्त्याला हे कोणी सांगत नाही, कारण पाण्याची किंमत जवळजवळ शून्य धरलेली असल्यामुळे ती वस्तूच्या किमतीत उमटत नाही. आणि जी गोष्ट किमतीत उमटत नाही ती ग्राहकाच्या विवेकापर्यंत पोहोचण्याचा बाजारपेठेत दुसरा मार्ग नाही.

यावर शेतकऱ्याला दोष देणे हा शहरी सद्गृहस्थांचा आवडता विरंगुळा आहे. मी त्यात सामील होणार नाही. ज्या पिकाचा दर सरकार आगाऊ जाहीर करते, जे नेण्यास कारखाना बांधलेला असतो, जे एखादे पाणी चुकले तरी तग धरते आणि ज्यावर सोसायटी कर्ज देते, ते पीक टाकून तूर पेरावी आणि तुरीचा भाव कोसळल्यावर देशहितार्थ उपाशी राहावे, असे सांगण्याचा अधिकार कोणाला आहे? शिवाय साखरेच्या सहकाराने ग्रामीण महाराष्ट्राला पुष्कळ दिले. १९५० मध्ये प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी जो कारखाना उभारला, त्यामागे सावकाराच्या व खासगी कारखानदाराच्या हातून शेतकरी सोडविण्याची स्पष्ट नैतिक प्रेरणा होती, आणि त्या कारखानदारीतून शाळा, दवाखाने, रस्ते निघाले. उपयुक्ततावादी म्हणेल की मग झगडा कसला. हेक्टरी उत्पन्न सर्वाधिक, रोजगार आहे, कर आहे, सुखाची बेरीज मोठी आहे. बेरीज मोठी आहे हे मला मान्य. तिच्यात कोणाला धरले आणि कोणाला धरले नाही, एवढेच मी विचारतो. कालव्याच्या शेवटी ज्याच्या चारीला मार्चनंतर पाणी येत नाही तो, अतिसिंचनाने ज्याचे रान क्षारपड होऊन कायमचे निकामी झाले तो, ज्या विहिरीचा तळ शेजारच्या सहाशे फुटी बोअरने ओढून नेला तिचा मालक, आणि जे अजून जन्मलेच नाहीत ते, यांची नावे त्या बेरजेत सापडत नाहीत.

स्वामित्वाचा सिद्धान्त मानणारे दुसरे टोक पकडतात. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाने जमिनीच्या पोटातील पाणी जमिनीच्या मालकाचे मानले, आणि सातबारा ज्याचा त्याचे पाणी ही कल्पना तेव्हापासून आपल्या हाडीमाशी खिळली. गंमत अशी, की या मताचा इंग्रज आद्यपुरस्कर्ता जॉन लॉक यानेच अट घातली होती, की निसर्गातून स्वतःसाठी घेताना इतरांसाठी पुरेसे आणि तितकेच चांगले मागे राहिले पाहिजे. वारसदारांनी मिळकत घेतली आणि अट गाळली. आपल्याकडे तर या प्रश्नाचा निवाडा लॉकच्या ग्रंथांत शोधण्याची गरजच नव्हती; २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळभर पाणी उचलले, तेव्हा पाण्यावरचा हक्क माणूसपणातून येतो, जातीतून किंवा मालकीतून येत नाही, हे तत्त्व या भूमीत प्रस्थापित झाले. ते पिण्याच्या पाण्यापुरते आपण मानले. शेतीच्या पाण्याला ते लावण्याची वेळ आली, की आपण पुन्हा सातबाऱ्याचा उतारा मागतो.

तिसरा विचार परोपकाराचा. १९७२ साली ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांनी, पूर्व बंगालमधील निर्वासितांची अन्नान्नदशा समोर ठेवून, एक निबंध प्रसिद्ध केला, ज्याचा आशय असा, की स्वतःचे तितकेच मोलाचे काही न गमावता दूरच्या माणसाचे मरण टाळता येत असेल तर ते टाळणे हे दान नसून कर्तव्य आहे, आणि अंतराने ते कर्तव्य कमी होत नाही. तो निबंध जगभर गाजला. त्याच साली महाराष्ट्रात शतकातील भीषण दुष्काळ पडला, आणि येथे त्या विचाराने, सिंगर यांचे नावही न घेता, फार निराळे रूप धारण केले. वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातील विसापूर येथे आधीच प्रयोग करून पाहिलेली रोजगार हमीची कल्पना पुढे आली. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. आणि १९७७ च्या कायद्याने मागेल त्याला काम हा हक्क झाला. त्याचा खर्च भागविण्यासाठी १९७५ पासून नोकरदारांवर व्यवसाय कर बसला. मुंबईतला कारकून आजही आपल्या पगारपत्रकात दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये कापलेले पाहतो आणि हे कशासाठी, म्हणून कपाळाला आठी घालतो. सिंगर यांना जे कर्तव्य प्रत्येकाच्या सदसद्विवेकावर सोपवावे लागले, ते येथे वजावटीच्या एका ओळीत आले. दुष्काळग्रस्ताला कोणाची दया मागावी लागली नाही. महाराष्ट्राने नीतिशास्त्राला दिलेली ही भर मला कोणत्याही ग्रंथाहून मोठी वाटते. पण त्या योजनेने श्रमाची हमी दिली. त्या श्रमांतून बांधलेल्या पाझर तलावांतील पाणी मात्र ज्याची जमीन तलावाखाली होती त्याचेच झाले. खोदणारा भूमिहीन हजेरीपटावर अंगठा उठवून घरी गेला.

येथे मला धुळे-नाशिककडील फड पद्धतीची आठवण आपणांस द्यावीशी वाटते. पांझरा, मोसम या नद्यांवर शेकडो वर्षांपूर्वी घातलेले बंधारे, त्यांतून निघालेले पाट, आणि पाटाखालील शिवाराचे तीन-चार फड. एका फडात एकच पीक, कोणत्या फडात ऊस आणि कोणत्यात भुसार हे गावाने ठरवायचे, पाटकऱ्याने पाणी फिरवायचे. खुबी अशी, की बहुतेक खातेदारांची जमीन प्रत्येक फडात थोडी थोडी असे. पाऊस कमी झाला तर एखादा फड कोरडा ठेवला जाई, आणि ती तूट आपोआप साऱ्यांच्या वाट्याला येई. १९७१ मध्ये जॉन रॉल्स यांनी न्यायावरील आपल्या ग्रंथात अज्ञानाच्या पडद्याची युक्ती मांडली: समाजात आपले स्थान कोणते असणार हे ठाऊक नसताना माणसे जे नियम पसंत करतील ते न्याय्य. पडद्याआडची ही कल्पना करण्यास बुद्धीला बराच ताण द्यावा लागतो, कारण प्रत्यक्षात वरच्या अंगाचा बागाइतदार आपण वरच्या अंगाला आहोत हे क्षणभरही विसरत नाही. पांझरेकाठच्या शेतकऱ्याला काही विसरण्याची गरज नव्हती. जमिनीच्या मांडणीनेच त्याला एकाच वेळी पाटाच्या तोंडाशीही बसविले होते आणि शेपटाशीही. फडाची पद्धत निर्दोष होती असे मी म्हणत नाही, भूमिहीनाला तीतही जागा नव्हती. परंतु गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये जी सामाईक संपत्तीची शोकांतिका अटळ म्हणून सांगितली, ती टाळण्याची अक्कल आपल्या गावगाड्यात होती, आणि पुढे एलिनॉर ऑस्ट्रम यांनी जगभरच्या अशा व्यवस्था अभ्यासून जे सिद्ध केले ते पाटकऱ्याला नवे वाटले नसते.

भूमिहीनाचा रकाना भरून दाखविला तो पुरंदर तालुक्यातील नायगावने. १९७२ च्या दुष्काळाने अस्वस्थ झालेले अभियंता-उद्योजक विलासराव साळुंखे यांनी तेथे देवस्थानची माळजमीन खंडाने घेऊन पाणलोटाचे काम केले आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम थोडे आणि कडक. पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही, माणशी. दर माणशी अर्ध्या एकरापुरते, कुटुंबाला अडीच एकरांहून अधिक नाही. भूमिहीनालाही वाटा. खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी स्वतः उचलायचा. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तर पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. साळुंखे २००२ मध्ये निवर्तले. त्यांचा विचार शासकीय समित्यांच्या अहवालांत आदराने उद्धृत होतो, जे आपल्याकडे विचार पुरून टाकण्याचे सर्वमान्य साधन आहे.

नायगावशी आपल्या अधिनियमाची तुलना करून पाहावी. त्यात एक कलम असे आहे, की दोनांहून अधिक अपत्ये असलेल्या शेतकऱ्याला हक्कदारीच्या पाण्यासाठी दीडपट दर द्यावा लागेल. म्हणजे पाण्याच्या कायद्यात माणसांच्या डोक्यांची मोजणी निषिद्ध नाही. ती शिक्षेपुरती मान्य आहे, वाटणीपुरती नाही. प्रिंगलच्या गुरूला, माल्थसला, हे कलम वाचून समाधान वाटले असते. पाणी वापर संस्थेचे सभासदत्व लाभक्षेत्रातील जमीनधारकाला. शेतमजुराच्या वाट्याला त्या संस्थेचे फलक रंगविण्याचे काम फार तर येईल.

आणि हा शेतमजूर जातो कोठे, हेही पाहिले पाहिजे. बीड, धाराशिव, नगरच्या दुष्काळी गावांतून दसरा-दिवाळीनंतर मुकादमाकडून उचल घेतलेल्या नवरा-बायकोच्या जोड्या, ज्यांना हिशेबाच्या वहीत एक कोयता म्हणून लिहितात, साखरपट्ट्याकडे निघतात. गावात पाणी नसल्याने ज्यांना गाव सोडावे लागले, ते दुसरीकडे वळविलेल्या पाण्यावर वाढलेला ऊस तोडण्यासाठीच जातात. बायकांची गर्भाशये काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण या लोकांत इतके निघाले, की २०१९ मध्ये शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. दिवस बुडाला तर मजुरी बुडते, उलट दंड बसतो, ही त्यामागील कारणांपैकी एक प्रमुख बाब. साखरेच्या किलोमागे लागणाऱ्या खर्चात याची नोंद कोणत्या शीर्षाखाली करावी, याचे उत्तर अर्थशास्त्राने द्यावे.

२०११ च्या दुरुस्तीने पिण्यास, उद्योगास व शेतीस किती पाणी हा निर्णय मंत्रिमंडळाकडे गेला, तेव्हा आपले हात बांधलेले आहेत असे उत्तर येईल, हे मी धरून चाललो आहे. ते अर्धेच खरे आहे. दरांचे निकष अजून आपल्याकडे आहेत, हक्कदारी आपल्याकडे आहे, आणि बारमाही पिकांना ठिबक अथवा तुषार सिंचनाशिवाय कालव्याचे पाणी न देण्याचे कलमही त्याच अधिनियमात पडून आहे. ठिबकाने सर्व प्रश्न सुटेल अशा भ्रमात मी नाही. वाचलेल्या पाण्यावर आणखी ऊस लावला तर नदीच्या पदरात काहीच पडत नाही, म्हणून बचतीचा वाटा कोणाकडे जाईल हे आधी ठरले पाहिजे.

तेव्हा माझी विनंती अशी. येत्या दरनिश्चितीच्या आदेशात, कोष्टकांच्या आधी, प्राधिकरणाने कोणत्या न्यायतत्त्वाने पाणी वाटले हे दोन परिच्छेदांत लिहावे. तत्त्व उपयुक्ततेचे असो, मालकीचे असो वा गरजेचे, ते लेखी असावे, म्हणजे त्यावर वाद घालता येईल. दुसरे, एखाद्या लहान प्रकल्पावर, जेथे पाणी वापर संस्था अजून स्थापन व्हावयाच्या आहेत तेथे, हक्कदारीचा काही हिस्सा माणशी देण्याचा प्रयोग करण्याची शिफारस शासनास करावी. भूमिहीन पाण्याचे काय करील, असे विचारले जाते. तो ते पाणी घेऊन कोरड्या जमिनीच्या मालकाशी बटाईचा करार करील, आणि आयुष्यात प्रथमच तो करार त्याच्या बाजूनेही काही घेऊन बसेल. हक्क सधनाकडे विकला जाईल ही भीती खरी आहे, म्हणून नायगावप्रमाणे तो अहस्तांतरणीय असावा.

तिसरी बाब किरकोळ वाटेल, पण तिची तजवीज आपल्या एका परिपत्रकाने होण्यासारखी आहे. दरांवरील जाहीर सुनावण्या तालुक्याच्या ठिकाणी, मराठीत आणि ज्येष्ठ ते भाद्रपद या काळात घ्याव्यात. दसऱ्यानंतर घेतलेल्या सुनावणीला बीड जिल्ह्यातील अर्धी गावे हजर राहू शकत नाहीत. ती तेव्हा ऊसतोडीच्या फडावर असतात.



आपला नम्र,
पाणीपट्टी आणि व्यवसाय कर भरणारा एक नागरिक